एकास चोवीस

"सध्या काय चाललंय?" असं कुणी विचारलं आणि आम्ही "गाडी बनवतोय" असं उत्तर दिलं, तर डेट्रॉईटमध्ये त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. इथल्या मराठी घरांतही गाड्यांच्या कंपनीत नोकरी केलेलं कुणीतरी सापडतंच. पण "वीतभरसुद्धा लांब नाही अशी गाडी" असं पुढे जोडलं की समोरचा आमच्या पिकलेल्या केसांकडे पाहतो आणि समजुतीच्या सुरात म्हणतो, "अच्छा, नातवंडांसाठी!"

तर मंडळी, नातवंडांसाठी नाही. उलट नातवंडांचे हात पोचू नयेत म्हणून आम्ही त्या काचेच्या कपाटात ठेवतो.

आम्ही म्हणजे मंडळातली पाच माणसं. चौघांनी आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यांत आणि ड्रॉइंग ऑफिसांत काम केलं. पाचव्या बाई दंतवैद्य. सगळ्यांत सफाईदार हात त्यांचा, आणि सगळ्यांत उपयोगी हत्यारंही त्यांचीच! नोव्हेंबरात बर्फ पडायला लागलं की शनिवारी संध्याकाळी आमच्यापैकी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये टेबल मांडलं जातं, वर चहा चढतो आणि खाली घासकाम सुरू होतं.

खेळणं आणि मॉडेल यांत फरक प्रमाणाचा. खेळण्याची चाकं मोठी असली तरी चालतात, मॉडेलची चालत नाहीत. अमेरिकन किट्स बहुधा एकास पंचवीस या प्रमाणात असतात, जपानी आणि युरोपीय बऱ्याचदा एकास चोवीस. एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट, आपला अर्धा इंच. हिशोब सोपा वाटतो, पण त्यात गंमत आहे. लांबी चोवीस पटींनी कमी झाली की आकारमान १३,८२४ पटींनी कमी होतं. ९०० किलोंची गाडी तंतोतंत लहान केली तर ती अवघी ६५ ग्रॅमची होईल. रंगाचंही तसंच. खऱ्या गाडीवर रंगाचा थर साधारण मिलिमीटरचा दहावा भाग असतो. तेवढाच थर मॉडेलवर दिलात तर तो खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखा दिसेल. दरवाज्याच्या फटी बुजतात, कडा गोल होतात आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते.

या छंदाचं एक माहेरघर आमच्या या डेट्रॉईट परिसरातच आहे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली मुलांसाठी 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' सुरू केलं. सुरुवातीला मुलांना नेपोलियनकालीन शाही घोडागाडीची प्रतिकृती करावी लागे. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार, एकास बारा प्रमाणात. लाकूड कोरून, प्लास्टर घासून. बक्षीस म्हणजे कॉलेजच्या शिक्षणासाठी घसघशीत शिष्यवृत्ती. १९४७ चा विजेता चार्ल्स जॉर्डन पुढे १९८६ साली त्याच कंपनीचा डिझाइन विभागाचा उपाध्यक्ष झाला. मुलींना मात्र या स्पर्धेत प्रवेश नव्हता, हे आमच्या दंतवैद्य बाई दर वेळी आठवण करून देतात. १९६८ साली गिल्ड बंद झालं.

दुसरा धागा विक्रेत्यांचा. १९४८ साली इथेच निघालेली 'एएमटी' ही कंपनी आणि 'जो-हॅन'सारख्या तिच्या स्पर्धक नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करत. शोरूमवाले त्या गिऱ्हाइकांना देत. १९५८ मध्ये एएमटीने 'थ्री-इन-वन' किट काढलं. एकाच खोक्यातून कारखान्यातून निघते तशी, आपल्या मर्जीने सजवलेली किंवा शर्यतीची, यांपैकी हवी ती गाडी करावी. अमेरिकेतल्या पोरांच्या हाती तेव्हापासून सरसचं ट्यूब आलं ते आलंच. एएमटीचं नाव आजही खोक्यांवर दिसतं, मालक मात्र अनेक वेळा बदलले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. किट उघडल्यावर भाग तोडायची घाई करायची नाही. आधी ते भांड्यांच्या साबणाने धुवायचे, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट अंश राहिला तर रंग धरत नाही. मग बारीक कटरने भाग सोडवायचे, सांध्याच्या रेघा ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायच्या, प्रायमर द्यायचा. प्रायमर म्हणजे चुगलखोर शेजारीण, दडलेला प्रत्येक ओरखडा उघडा पाडतो. पुन्हा घासा. मग रंगाचे पातळ थर, एक वाळल्यावर दुसरा. प्लास्टिकचं सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं म्हणून ते थेंबाथेंबाने. काचांना मात्र सुपर ग्लू लावायचा नाही, त्याच्या वाफेने पांढरी धुरकट झाक येते. तिथे साधा पांढरा गोंद. आणि हो, रंग मारताना खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क. बाहेर उणे दहा असलं तरी!

खरी मजा याच्या पुढे, बारकावे भरण्यात. खिडक्यांच्या चकचकीत पट्ट्यांसाठी कागदाहून पातळ चिकट धातूचा पत्रा मिळतो. तो लावून, काडीने दाबून, नव्या ब्लेडने कापायचा. दरवाज्यांच्या फटींतून पातळ केलेला काळा रंग फिरवायचा, म्हणजे सावली पडल्यासारखं दिसतं. इंजिनात केसाएवढ्या तारा ओवून स्पार्क प्लगच्या वायरी करायच्या. बॉनेट बंद केल्यावर यातलं काहीही दिसत नाही. "मग कशाला करता?" या प्रश्नाला आमचं एकच उत्तर आहे. देवळाच्या कळसामागचं कोरीव कामही खालून दिसत नाही.

मस्टँग झाली, कॉर्व्हेट झाली, पंचावन्नची शेवरले झाली. मग दोन हिवाळ्यांपूर्वी कुणीतरी म्हणालं, "आपली टॅक्सी करू या." आपली म्हणजे मुंबईची काळी-पिवळी, प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट ११०० डिलाइटवरून बनलेली. 'पद्मिनी' हे नाव तिला १९७० च्या दशकात मिळालं, तरी आपण सगळे तिला फियाटच म्हणत राहिलो. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून कायमची गेली.

आम्हांला हवं तसं किट मिळालं नाही, तेव्हा गिल्डच्या पोरांची वाट धरली. खरी गाडी ३.९३ मीटर, म्हणजे आमची १६.४ सेंटिमीटर. दोन चाकांमधलं अंतर २.३४ मीटर, आमचं पावणेदहा सेंटिमीटर. लाकडात आकार कोरला, पुठ्ठ्याचे छेद लावलावून दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि गरम केलेला प्लास्टिकचा पत्रा त्यावर हवा खेचून बसवला. खालचं अंग काळं, टप पिवळा, वर सामानाचा कॅरियर.

अडलं ते मीटरवर. गाडीच्या बाहेर, डाव्या बाजूला, इथवर एकमत. पण नेमका कुठे, किती उंच, झेंडा कुठल्या दिशेला? आम्ही पाचही जण मुंबईचे, तिच्यात शेकडो वेळा बसलेले. पाच जणांची पाच मतं. फोटो पाहिले तर प्रत्येक गाडीची तऱ्हा किंचित निराळी.

तेव्हा आमच्यातले एक जण, ज्यांचं नाव लिहू नका असं त्यांनीच बजावलं आहे, पेन्सिल घेऊन उठले आणि त्यांनी लाकडावर खूण केली. "इथे. झेंडा असा. हात खिडकीतून बाहेर काढून असा फिरवायचा." आवाजात शंका नव्हती. मग म्हणाले, "बाबांची टॅक्सी होती."

तीस वर्षांची आमची ओळख. "वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते" एवढंच आम्हांला ठाऊक होतं. मंडळात डॉक्टर, प्रोफेसर, मामलेदार अशा वडिलांच्या गोष्टी चालतात, तेव्हा ते समोसे आणायला उठत, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आलं. त्या संध्याकाळी घासकाम झालं नाही. सीटवर घडी घालून ठेवलेला टॉवेल, डॅशबोर्डवरचा गणपती, पिवळं फडकं, सगळं त्यांनी सांगितलं. आणि एक गोष्ट, जी आम्हां कुणालाच सुचली नसती. घरी परतताना वडील मीटरवर कापडाची टोपी चढवत, म्हणजे भाडं घ्यायचं नाही. चाळीच्या गॅलरीतून पोरं वाट बघायची ती टॅक्सीची नव्हे, त्या टोपीची. कारण टोपी नसलेल्या टॅक्सी दिवसभर जात-येत असत.

दंतवैद्य बाईंनी खाकी कापडाची सहा मिलिमीटरची टोपी शिवली. चिमट्याने ती मीटरवर बसवायचं काम अर्थात त्यांनीच केलं, टॅक्सीवाल्याच्या मुलाने. ती चिकटवलेली नाही, काढता-घालता येते.

गेल्या गणेशोत्सवात ती टॅक्सी आम्ही हॉलमध्ये मांडली. शेजारी लहानसा कागद होता, आणि त्यावर आमच्या पाच जणांच्या नावांच्या वर, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या वडिलांचं नाव होतं. मस्टँगपाशी मुलं थांबली. टॅक्सीपाशी आई-बाप थांबले आणि मुलांना बोलावून सांगू लागले: तू लहान असताना, तुझे आजोबा, दादरचं स्टेशन, पावसात मिळायची नाही...

ज्यांना हात घालावासा वाटत असेल त्यांनी ३० ते ४० डॉलरचं एखादं साधं किट घ्यावं, कमी भागांचं, एका रंगाचं. एक कटर, पॉलिश पेपर, सिमेंट, दोन ब्रश, प्रायमर आणि रंगाचा एक स्प्रे, बस्स. एअरब्रश पुढच्या वर्षी. पहिली गाडी शर्यतीची नको, तुमच्या घरात कधीकाळी असलेली किंवा तुम्ही जिच्यातून हिंडलात अशी निवडा. आणि घरातल्या थोरांना विचारून बारकावे भरा. मागच्या काचेवर काय लिहिलं होतं, हॉर्न कसा वाजायचा, कोण पुढे बसायचं. पुस्तकात हे सापडत नाही, आणि सांगणारी माणसं नेहमीच असतील असं नाही.

शनिवारी आमचं टेबल मांडलेलं असतं. चहा आमचा, चष्मा तुमचा.