दुधनीच्या नगरपरिषदेत न मिळणारा परवाना

सोलापूरहून वाडीकडे जाताना अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी अशी स्थानके मागे पडतात आणि दुधनी येते. त्यापुढचे कुलाली कर्नाटकात. तुरीच्या बाजारामुळे आसपासच्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेले हे गाव अक्कलकोट तालुक्यात आहे आणि त्याचा कारभार नगरपरिषदेकडे आहे. जन्म-मृत्यूचे दाखले, घरपट्टी, नळजोड, बांधकामाची परवानगी ही सगळी कामे तिथे होतात. मासे धरण्याचा किंवा शिकारीचा परवाना मात्र तिथे मागून उपयोग नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क किंवा मेन राज्यात हेच काम गावच्या कचेरीत होते. तिथला नगर लिपिक कुत्र्याचा आणि लग्नाचा परवाना देतो, त्याच खिडकीवर मासेमारीचा आणि शिकारीचा परवानाही देतो.

आपल्याकडे हे का होत नाही, याचे अर्धे उत्तर राज्यघटनेत आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावे परिशिष्ट आले. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय त्यात आहेत आणि मत्स्यव्यवसाय पाचव्या क्रमांकावर आहे. त्याच वर्षीच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावे परिशिष्ट दिले. त्यातल्या १८ विषयांत स्मशानभूमी, कत्तलखाने, अगदी कोंडवाडाही आहे, मासा नाही. म्हणजे गावात ग्रामपंचायत असती तर माशाशी तिचा निदान कागदोपत्री संबंध आला असता. नगरपरिषद झाल्यावर तोही राहिला नाही. शहर म्हटले की तळे नसणारच, असे गृहीत धरलेले दिसते.

उरलेले अर्धे उत्तर असे की गोड्या पाण्यातल्या मासेमारीत आपल्याकडे आधी माणसाचे नव्हे, पाण्याचे नाव विचारतात. तळे कोणाचे, यावर परवानगी कोणाची हे ठरते. पाझर तलाव किंवा गावतळे जिल्हा परिषदेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तर ठेकाही तिकडूनच. मोठे जलाशय असतील तर सोलापूरला, मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जायचे.

नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून कोसळणारी बोरी नदी पुढे अक्कलकोट तालुक्यात येते आणि कुरनूरच्या धरणात अडते. अशा जलाशयातल्या मासेमारीचा हक्क सहसा एकेका माणसाला मिळत नाही, नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने मिळतो. संस्थेने ठेक्याची रक्कम भरायची आणि पाण्यात बीजही सोडायचे. या बीजाची खात्यातली नावे मोठी बोलकी आहेत. अंड्यातून नुकतेच निघालेले ते मत्स्यजिरे, थोडे वाढले की मत्स्यबीज आणि बोटाएवढे झाले की बोटुकली. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली जलाशयात पडते, तिथे वाढते, आणि मग थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून सभासद जाळी टाकतात. रविवारी हौसेने गळ टाकून बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: समोरचे पाणी सरकारी दिसले तरी त्यातल्या माशासाठी कोणीतरी पैसे मोजलेले असतात. आधी संस्थेला विचारणे बरे.

तालुक्याच्या दक्षिणेला भीमा वाहते. तिच्या पलीकडे कर्नाटकचा १९९६ चा अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायदा लागू होतो, अलीकडे महाराष्ट्राचा १९६० चा. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला दोन्ही तीरांवर बंदीच. ही बंदी तशी जुनी, १८९७ च्या ब्रिटिश कायद्यातली. त्यात मूळ शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड अशी होती. त्या काळी दोनशे रुपये लहान रक्कम नव्हती.

शिकारीची गोष्ट अगदी निराळी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते, आणि तेही चार प्रकारचे: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी जिवंत पकडणे. १९९१ च्या दुरुस्तीने हे चारही गेले. आज हौशी शिकारीचा परवाना देशात कोणतेही कार्यालय देऊ शकत नाही. आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. फास लावणे, जाळ्यात धरणे, विष घालणे, हाकारा करून प्राणी हुसकावणे, पक्ष्यांची अंडी फोडणे हे सगळे कायद्याच्या व्याख्येत शिकारच. रात्री बॅटरीच्या उजेडात शिवारात सशामागे कुत्री सोडणाऱ्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवे.

या कायद्याची सर्वांत मोठी झळ बसली ती फासेपारध्यांना. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने कपाळी मारलेला शिक्का १९५२ साली पुसला गेला आणि पुढच्या वीस वर्षांत तितर-लावे धरण्याचा पिढीजात धंदाच विनापरवाना गुन्हा ठरला. परवान्याची सोय १९९१ पर्यंत होती खरी. पण अर्ज, फी आणि वनखात्याची कचेरी हा मार्ग पालावर राहणाऱ्यासाठी आखलेला नव्हता. प्राणी वाचवणे आवश्यकच होते. त्यावर जगणाऱ्यांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र कायद्याने स्वतःला विचारला नाही, असे माझे मत आहे.

एक दार अजून किलकिले आहे. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, कारणे लेखी नोंदवून, एखादा प्राणी मारण्याची परवानगी देऊ शकतो. रानडुकराने उभे पीक उद्ध्वस्त केले तर या कलमाचा आधार घेता येतो. काळविटाला तो लागू नाही. सोलापूरच्या माळरानावर काळवीट कळपाने फिरतात, हरभरा-ज्वारीत उतरतात. पण ते याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातले. तिथे पिकाचे नुकसान हे कारण चालत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल, तरच परवानगीचा विचार होतो. पहिल्या परिशिष्टातला प्राणी मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे, दंड वेगळा. त्यामुळे काळविटाने शेत खाल्ले तर शेतकऱ्याच्या हाती एकच उपाय उरतो: वनखात्याला ताबडतोब कळवायचे, पंचनामा करून घ्यायचा आणि नुकसानभरपाईचा अर्ज द्यायचा.

बंदुकीच्या परवान्यावरून बराच गोंधळ होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे आणि तो जिल्हादंडाधिकारी देतात. पण तो शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, त्यात प्राणी मारण्याचा हक्क येत नाही. त्यासाठी वनखात्याचा वेगळा लेखी आदेश लागतो. तेव्हा घरात परवान्याची बंदूक असली तरी रानडुकरावर चाप ओढण्यापूर्वी तो आदेश हातात घ्या. आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना एखादा प्राणी मारावा लागलाच, तर त्याला हात न लावता वनखात्याला कळवा. कायद्याने तो सरकारी मालमत्ता आहे.