एका बीममागे सारं गाव

इचलकरंजीतल्या बहुतेक कारखान्यांत कापड विणतात, बस्स. सूत व्यापाऱ्याचं, ताण्याचे धागे गुंडाळलेलं बीम खळ देणाऱ्या सायझिंगवाल्याकडून आलेलं, विकण्याची जबाबदारी पुन्हा व्यापाऱ्याची. अशा मागवाल्याला इथे खर्चीवाला म्हणतात. इंचात आडवे धागे किती, म्हणजे पीक किती, यावर त्याची मजुरी ठरते. सुतात पैसा अडकत नसल्यामुळेच चार-आठ माग टाकून माणूस मालक होऊ शकतो.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्याला उत्तेजन दिलं. पुढचं गाव मात्र कुणी नकाशावर आखलेलं नाही. ज्याला जे काम जमलं, त्याने तेवढंच धरलं. ताण्याला खळ द्यायची तर बॉयलर हवा, आणि तो आठ मागांच्या मालकाला परवडत नाही. मग एक सायझिंग अनेकांची बीमं भरून देतं. एकाच व्यापाऱ्याच्या मालासाठी चढाओढ करणारे दोघे तिथे एकाच रांगेत असतात.

वहिफणीचं काम तर पाहत राहावं असं. बीमवरचे हजारो धागे एकेक करून वईच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढायचे. एक जण मागून धागा पुढे करतो, दुसरा आकड्याने तो खेचून घेतो. एक धागा चुकला तर कापडावर लांबच लांब रेघ उमटते. हे कारागीर एका कारखान्याचे नोकर नसतात. आज या मागावर, उद्या त्या. कांड्या भरणारे कांडीवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, कापडाच्या घड्या घालणारे घडीवाले, शटल-पिकरसारखे सुटे भाग विकणारी दुकानं, सगळं हाकेच्या अंतरावर. विणलेलं कोरं कापड पुढे प्रोसेसला जातं, काही थेट राजस्थानात बालोत्रा-पालीकडे.

जे एकेकट्याला झेपेना, त्यासाठी सहकार आला. सूतगिरण्या उभ्या राहिल्या, मागवाल्यांची असोसिएशन झाली. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र कागदावर नसलेलं: व्यापारी लाखोंचं सूत खर्चीवाल्याच्या दारात ओळखीवर टाकतो, कारण दगाफटका केलेल्याला या गावात दुसरं बीम मिळणं कठीण.

हीच वाटणी जाचकही ठरते. सुताचा भाव हलला की व्यापारी हात आखडतो, आणि विजेचं बिल मागवाल्याच्या माथी राहतं. त्याच्याही खाली कामगार. 2015 साली सायझिंग कामगारांनी किमान वेतनासाठी लांबलचक संप केला, तेव्हा बीमांअभावी मागही थांबले. साऱ्या गावाचं काम ज्यांच्या हातावर चालतं, त्यांना कायद्याने ठरलेल्या पगारासाठी इतकं झगडावं लागलं, हे मला आजही खटकतं.