फरशीवरचा बिंदू

पडद्यावर दोन रेघा एकमेकींना भिडलेल्या दिसतात. एक जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीतून आलेल्या डांबरी रस्त्याची, दुसरी ओढ्यापलीकडून आलेल्या मुरमाच्या वाटेची. पाहणाऱ्याला रस्ता सलग वाटतो. मी चित्र मोठं करत जातो आणि अगदी शेवटी फट उघडी पडते, जेमतेम मीटरभर. दोन्ही रेघांच्या टोकाला आपापला बिंदू आहे, सामाईक बिंदू नाही. वाट शोधून देणाऱ्या संगणकाच्या लेखी रस्ता इथे संपला. पलीकडच्या मळ्यात जायचं असेल तर तो माणसाला थेट नारायणगावावरून वळसा घालायला लावणार.

ओपनस्ट्रीटमॅपवरचं माझं बरंचसं काम या फटींचं आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो आणि फुकट वापरता येतो. दुरुस्तीची मोठी अट ही, की कुठल्या कंपनीच्या नकाशात बघून काही उतरवायचं नाही. स्वतः पाहिलेलं, फोनवर जीपीएसने नोंदलेलं, किंवा ज्या उपग्रहचित्रांवरून रेघ काढायला परवानगी आहे त्यात दिसलेलं चालतं.

फट बुजवायला एक टिचकी पुरते. म्हणूनच ती मारण्याआधी थांबावं लागतं. उपग्रहचित्रात त्या जागी बाभळींची गर्द सावली होती. खाली पूल आहे, की नुसतं पात्र? आधीच्या माणसाकडून बिंदू जोडायचा राहिला, की तिथे जाता येत नाही म्हणून त्याने तो मुद्दाम सोडला? घरी बसून सांगता येईना. रविवारी मोटारसायकल काढली.

तिथे फरशी होती. खाली सिमेंटचे पाइप, वर काँक्रीट, कठडा नाही. मी फोटो घेतोय हे पाहून बांधावरचे एक काका उठून आले. पहिला प्रश्न, "मोजणी आली का?" या भागात कुणी रस्त्याकडे रोखून पाहिलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, जमीन कशात तरी जाणार असं वाटतं. नकाशा दुरुस्त करतोय म्हटल्यावर ते निवळले आणि मला हवं ते त्यांनी आपणहून सांगितलं. "पावसाळ्यात दोन-चार दिवस पाणी वरून जातं. तवा दुधाची गाडी वरल्या अंगानं फिरून येती." मी ते तिथल्या तिथे टिपून घेतलं. कोणत्याही उपग्रहाला ते सांगता आलं नसतं.

जोडणीपेक्षा जिकिरीचं काम म्हणजे रस्त्याची प्रत ठरवणं. या नकाशात प्रत्येक वाटेला, अगदी पायवाटेलासुद्धा, 'हायवे' याच शीर्षकाखाली नोंदवतात. कारण इंग्लंडच्या कायद्यात त्या शब्दाचा अर्थच सार्वजनिक वहिवाट असा आहे. 'अनक्लासिफाइड' म्हणजे प्रत माहीत नसलेला रस्ता, असं नवीन माणूस समजतो. खरं तर तो गावाला गाव जोडणाऱ्या लहान रस्त्याचा वर्ग आहे. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग 'ट्रंक', राज्य महामार्ग 'प्रायमरी', प्रमुख जिल्हा मार्ग 'सेकंडरी' अशी लावणी चालते. जागेवर मला किलोमीटरच्या दगडांचा मोठा आधार होतो: माथा पिवळा तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्याचा, केशरी तर ग्रामसडक. रंग उडालेला असला तर पुढचा दगड शोधायचा.

'ट्रॅक' या शब्दाने तर फार घोळ केला आहे. ती शेतात किंवा रानात जाणारी वाट. ती कच्ची आहे की सिमेंटची, याच्याशी त्या नावाचा संबंध नाही; त्यासाठी पृष्ठभागाचा वेगळा रकाना आहे. दूर बसलेले लोक मात्र कच्चं दिसलं की 'ट्रॅक' लिहितात, आणि दोन गावांमधला रोज एसटी जाणारा मुरमाचा रस्ता शेतवाट होऊन बसतो. उलटही होतं. उपग्रहचित्रावरून यंत्राने ओळखलेल्या रेघांमध्ये मला कालव्याच्या भरावावरची वाट वस्तीतला रस्ता म्हणून नोंदलेली सापडली, आणि द्राक्षबागेतल्या दोन ओळींमधली मोकळी जागाही. अमेरिकेत २००७-०८ मध्ये तिथल्या जनगणना खात्याचे रस्ते एकगठ्ठा आत घेतले होते; 'अजून तपासलेला नाही' अशी खूण असलेले त्यांतले रस्ते तिथली माणसं अजूनही तपासताहेत. घाऊक आलेली रेघ शेवटी कुणीतरी एकेक करून पाहावीच लागते.

पुणे-नाशिक रस्त्याने मला सर्वांत जास्त दमवलं. २०१० च्या फेररचनेत महामार्गांचे क्रमांक बदलले आणि ५० चा ६० झाला. नकाशात काही तुकड्यांवर जुना आकडा, काहींवर नवा. आळेफाट्यावर त्याला छेदणारा कल्याण-नगर रस्ताही २२२ चा ६१ झालेला. त्यात बाह्यवळणं सुरू झाली. नवा रस्ता कुणीतरी हौसेने काढला, पण गावातून जाणारा जुना तुकडा महामार्गच राहिला. तो तसाच ठेवला तर रात्रीचा परगावचा ट्रकवाला बाजारपेठेत शिरतो. मी एकेक तुकडा उघडून प्रत उतरवली, क्रमांक काढला, गावातलं नाव देवनागरीत घातलं. पुसून नवी रेघ ओढणं सोपं होतं, पण तसं मी करत नाही. रेघेला इतिहास असतो: कुणी काढली, कधी वळवली, का वळवली. पुसली की नकाशावरच्या त्या रेघेचा धागा तुटतो. आधीच्या माणसाचं चुकलं असेल तर त्याला दोन ओळी लिहून विचारावं. बहुतेक जण उत्तर देतात, आणि कधी कधी चूक आपलीच निघते.

फरशीचं काम संध्याकाळी घरी येऊन पुरं केलं. दोन्ही रेघा एका बिंदूत जोडल्या, ओढ्यावरचा तुकडा वेगळा करून त्यावर पाण्याखाली जाणारा पूल अशी नोंद केली, पूर येतो हेही लिहिलं. बदलाच्या टिपणात लिहिलं, 'जागेवर पाहून जोडलं. पावसाळ्यात काही दिवस बंद.'

त्याच ओढ्याच्या वर एक पाणंद आहे. नकाशात ती शिवेपर्यंत सलग दाखवली आहे. जागेवर अर्ध्यात नांगरट झालेली होती, पलीकडे पुन्हा दगडी बांध आणि चाकोरी. ही वाट मोडली, की या हंगामापुरती झाकली गेली? शेजारच्या दोघांना विचारलं, दोघांची उत्तरं वेगळी होती. वहिवाटीचा निवाडा तहसीलदारांनी करायचा, नकाशा काढणाऱ्याने नव्हे. चाकोरी दिसली तिथपर्यंत रेघ ठेवली, मधला तुकडा काढून टाकला आणि त्या जागी तारीख घालून टीप सोडली. सुगी झाली की पुन्हा जाऊन पाहायचं आहे.