तीन सेकंदांची बॅटरी, रात्रभराचा मुक्काम

किल्ली फिरवली की गाडीची बॅटरी सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर करंट देते, तोही जेमतेम दोन-तीन सेकंद. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ती तूट भरून काढतो. बॅटरीची घडण याच कामासाठी केलेली असते. आत शिशाच्या पातळ प्लेटा पुष्कळ, त्यामुळे एका झटक्यात भरपूर करंट निघतो. घरी लोडशेडिंगसाठी घेतलेली ट्युब्युलर बॅटरी मात्र तासन् तास हळूहळू उतरायची आणि पुन्हा भरायची, यासाठीच बनवलेली असते. भंडारदऱ्याला जलाशयाकाठी तंबू ठोकून गाडीतल्या इन्व्हर्टरवर पंखा लावायचा, म्हणजे या तीन सेकंदांच्या बॅटरीकडून रात्रपाळी करून घ्यायची. जमतं, पण हिशेबाने.

इन्व्हर्टर नवी वीज तयार करत नाही, आहे तिचं रूप बदलतो. गाडीत १२ व्होल्टची डीसी असते आणि घरच्या उपकरणांना २३० व्होल्टची एसी लागते. डबीतले इलेक्ट्रॉनिक स्विच ती डीसी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतात. तिथे व्होल्टेज चढतं, पुन्हा डीसी होऊन सव्वातीनशेच्या आसपास जातं, कारण २३० व्होल्ट एसीचं शिखर तेवढं उंच असतं. मग आणखी चार स्विच तिची दिशा उलटसुलट करून ५० हर्ट्झची एसी बाहेर देतात. उघडझाप इतकी वेगवान असते म्हणूनच तो ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. या सगळ्यात दहा ते पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. म्हणून इन्व्हर्टर सीटवरच्या पांघरुणांखाली ठेवू नये, त्याला वारा लागू द्यावा.

स्वस्त इन्व्हर्टरची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते, तिला मॉडिफाइड साइन म्हणतात. फोनचा चार्जर तिच्यावर बहुधा निमूट चालतो. पंख्याची एसी मोटर मात्र गुणगुणते आणि जास्त तापते. मोटरची किंवा नाजूक वस्तू चालवायची असेल, तर प्युअर साइनचाच घ्यावा.

खरी गफलत होते ती वॅटमध्ये. डब्यावर १००० वॅट लिहिलेलं असतं, पण सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १२० वॅट, तिथेच मर्यादा आली. चहाची १५०० वॅटची किटली घरी साडेसहा अँपिअर घेते. गाडीत तेवढ्याच वॅटसाठी बॅटरीतून १४० अँपिअर ओढावे लागतील. एवढा करंट बारीक वायरीतून गेला तर वायर वितळते. मोठा इन्व्हर्टर लावायचाच असेल, तर जाडजूड केबल थेट बॅटरीवरून घ्यावी आणि प्लसच्या टोकाजवळच योग्य फ्यूज बसवावा. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि चहा गॅसच्या छोट्या शेगडीवर, तंबूच्या बाहेर करा. उष्णता निर्माण करणारी कुठलीही वस्तू गाडीच्या बॅटरीवर नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रात्रीचा हिशेब. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरू, म्हणजे सुमारे ४२० वॅट-तास. त्यातला पाव हिस्सा आपला, बाकीचा सकाळच्या सेल्फचा. उरले शंभर, इन्व्हर्टरची घट वजा जाता नव्वदच्या आतबाहेर. ५० वॅटचा टेबल फॅन त्यावर दोन तासही पुरता चालत नाही. यूएसबीवरचा ५ वॅटचा पंखा थेट सॉकेटच्या चार्जरवर लावला, तर रात्र निघते. जिथे १२ व्होल्टवर काम भागतं तिथे इन्व्हर्टर मध्ये आणूच नये. १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा ५ व्होल्ट करताना दोनदा घट होते, शिवाय काही जोडलेलं नसलं तरी चालू इन्व्हर्टर थोडी वीज खातच राहतो.

इन्व्हर्टरचा भोंगा साधारण साडेदहा व्होल्टला वाजतो. तोवर फार उशीर झालेला असतो. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर जवळ ठेवा, सगळं बंद करून थोड्या वेळाने आकडा बघा. १२.४ दिसले की मी थांबते.

मग इंजिन चालू ठेवून झोपलं तर? कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही. काचा बंद करून एसी लावला तरी धोका टळत नाही, आणि तंबू गाडीला लागून असेल तर तिथेही तो शिरतो.

ज्यांना वरचेवर मुक्काम करायचा असतो, किंवा ज्यांच्या घरी कुणाला झोपेत श्वासाचं सीपॅप यंत्र लागतं, त्यांनी लिथियमचं वेगळं पॉवर स्टेशन घ्यावं. ५०० वॅट-तासांचं घरून भरून न्यायचं, वाटेत गाडी चालताना सॉकेटवर टिकवून ठेवायचं. गाडीच्या बॅटरीला मग हात लावावाच लागत नाही.

आणि इन्व्हर्टर वापरला असेल, तर सकाळी आधी तो बंद करा, प्लग काढा, मग किल्ली फिरवा. सेल्फ मारताना व्होल्टेज एकदम खाली जातं आणि वर येतं. त्या हिसक्यात त्याला जोडलेलं ठेवू नये.