कारंजात डाउनरिगर कशाला?

शिकागो-डेट्रॉइटकडे स्थिरावलेला भाचा ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर मिशिगन सरोवरावर जातो, भाड्याच्या बोटीवर हातभर लांबीचा चंदेरी सॅमन छातीशी धरून फोटो काढतो आणि तो फोटो भालकी, बसवकल्याण, आळंदच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडतो. फोटोत माशापेक्षा मागचं सामानच जास्त दिसतं. वाकलेल्या सहा-आठ काठ्या, लोखंडी हात, तारेला टांगलेला गोळा. मग इकडची पोरं विचारतात, "मामा, ती मशीन मागवली तर आपल्या कारंजा धरणात चालंल का?" काही जण न विचारताच मागवतात.

उत्तर आधीच देतो. नाही चालणार. मशीन वाईट नाही, उलट फार डोकं लावून घडवलेली आहे. पण ती थंड पाण्यात राहणाऱ्या आणि लहान माशांच्या मागे धावून त्यांना खाणाऱ्या माशासाठी आहे. आपल्या धरणांत ते पाणीही नाही आणि तो मासाही नाही. हे नीट समजून घ्यायचं तर वाटेतले बरेच गैरसमज आधी बाजूला करावे लागतात.

पहिला अगदी किरकोळ आहे. फोटोतल्या या मासेमारीला ट्रॉलिंग म्हणतात, आणि ट्रॉलिंग म्हटलं की पुष्कळांना कोकणातले ट्रॉलर आठवतात, पारंपरिक मच्छीमारांशी त्यांची होणारी भांडणं आठवतात. त्याचा इथे काही संबंध नाही. ट्रॉलर समुद्राच्या तळावरून पिशवीसारखं जाळं ओढतो आणि वाटेत येईल ते उचलतो. ट्रॉलिंगमध्ये जाळं नसतंच. चालत्या बोटीमागे गळाच्या काही दोऱ्या सोडतात, दोरीच्या टोकाला खोटा मासा असतो आणि एका दोरीला एका वेळी एकच मासा लागतो. लक्षद्वीपला आणि कोकण-गोव्याच्या समुद्रात सुरमई-कुप्यासाठी अशी दोरी ओढतात.

दुसरा बाजारातला. हैदराबादेहून आणलेला रावस 'इंडियन सॅमन' म्हणून घरी येतो आणि मग सॅमन आपण खाल्लाय अशी समजूत होते. रावसाच्या छातीच्या पराखाली सुटे तंतू असतात. सॅमनला ते नसतात, उलट त्याच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक लहानसा मांसल पर असतो, तो रावसाला नसतो. दोन्ही चवदार, पण एकमेकांचे दूरचेही नातलग नव्हेत.

"सॅमन तिथला मूळचाच"

मिशिगन सरोवरातला सॅमन हा पाहुणा आहे, आणि तो तिथे का आला ही गोष्ट आपल्या धरणांत कुठलंही बीज सोडण्याआधी वाचावी अशी आहे. तिथला मूळचा मोठा शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. थंड, खोल पाण्यातला, सावकाश वाढणारा आणि कित्येक वर्षं जगणारा. नायगारा धबधबा चुकवून जहाजं आत नेणाऱ्या वेलँड कालव्याच्या वाटेने सी लँप्रे नावाचा परजीवी जीव वरच्या सरोवरांत शिरला. दिसायला वामेसारखा, पण जबडा नसलेला. तोंडाच्या वाटोळ्या, दातेरी चकतीने तो माशाला चिकटतो आणि रक्त पितो. 1936 मध्ये तो मिशिगन सरोवरात दिसला. तो जीव आणि बेसुमार मासेमारी या दोघांनी मिळून 1950 च्या दशकात तिथला लेक ट्राउट संपवला. शिकारी गेल्यावर एलवाइफ नावाची परकी छोटी मासळी माजली. 1967 मध्ये ती इतकी मेली की किनाऱ्यावर सडक्या माशांचे ढीग लागले.

मिशिगन राज्याचे मत्स्य अधिकारी हॉवर्ड टॅनर यांनी त्याआधीच पश्चिमेकडच्या ओरेगॉनमधून कोहो सॅमनची अंडी मागवली होती. 1966 च्या वसंतात त्याची पिल्लं नद्यांत सोडली आणि पुढच्याच वर्षी चिनूक सोडला. एलवाइफ खाऊन सॅमन फोफावला आणि त्याच्यामागे गळवाल्यांच्या बोटी आल्या. काठ्या, गोळे, चकत्या अशी सगळी हत्यारं तिथे वाढली ती त्यानंतर. लँप्रेच्या अळ्या मारणारं औषध 1958 पासून नद्यांत वापरतात, ते अजून थांबवता आलेलं नाही. म्हणजे भाच्याच्या फोटोतला चंदेरी मासा हा एक बिघाड निस्तरण्यासाठी आणलेला उपाय आहे. उपाय यशस्वी झाला हे खरं, पण त्याच्यामागे सरकारी खर्चाचं आणि देखरेखीचं शेपूट कायमचं लागलं.

"जितकं खोल, तितका मोठा मासा"

सगळ्यात चिवट गैरसमज हा, आणि सगळी यंत्रसामग्री उभी आहे ती याच्या उत्तरावर. मासा खोली शोधत नाही, तापमान शोधतो. सॅमनला साधारण 11 ते 14 अंश सेल्सियसचं पाणी मानवतं, लेक ट्राउटला त्याहून थंड, 8 ते 11 अंशांचं. ऑगस्टमध्ये मिशिगन सरोवराचं वरचं पाणी 20 अंशांच्या पुढे जातं, तळाशी मात्र ते 4 अंशांच्या आसपास राहतं. पाणी सगळ्यात जड असतं ते 4 अंशांना, म्हणून थंड पाणी खाली बसतं आणि तापलेलं वर तरंगतं. दोहोंच्या मधे एक पट्टा असतो, तिथे थोड्याच मीटरांत तापमान झपकन उतरतं. उन्हाळ्यात मासा या पट्ट्याच्या आसपास सापडतो. एप्रिलमध्ये, जेव्हा सगळंच पाणी गार असतं, तेव्हा तोच सॅमन किनाऱ्यालगत पुरुषभर पाण्यात हिंडतो आणि त्या वेळी गोळा खोल सोडणारा रिकाम्या हाताने परततो.

आता हा पट्टा पंचवीस मीटर खाली असला, तर चालत्या बोटीमागचा हलका चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा खोटा मासा, तिथपर्यंत न्यायचा कसा? दोरीला जड शिसं बांधलं तर लागलेल्या माशाला शिशासकट ओढावं लागतं आणि त्याची झटापट हाताला कळतच नाही. डाउनरिगर आला तो यासाठी.

त्याची रचना अशी. बोटीच्या काठावर एक चाक असतं, विहिरीवरच्या रहाटासारखं, हाताने किंवा विजेवर फिरणारं. त्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला साडेचार-पाच किलोचा गोळा. गळाची दोरी वेगळ्या काठीवर असते. ती गोळ्याजवळच्या एका चिमट्यात धरायची आणि गोळा खाली सोडायचा. मीटर किती तार सुटली ते दाखवतो. ठरलेल्या खोलीला चाक थांबवायचं आणि काठी ताणून वाकवून ठेवायची. मासा चमच्यावर झडप घालतो तेव्हा दोरी चिमट्यातून निसटते, वाकलेली काठी ताडकन सरळ होते आणि पुढच्याच क्षणी माशाच्या ओढीने पुन्हा वाकते. आता दोरीवर गोळ्याचं वजन उरलेलं नसतं, एका टोकाला माणूस आणि दुसऱ्या टोकाला मासा. पाहणाऱ्याला वाटतं मासा गोळ्यानेच पकडला. गोळ्याचं काम तोवर संपलेलं असतं.

मीटरही पूर्ण खरं बोलत नाही. बोट चालत असते, पाण्याचा रेटा गोळ्याला मागे ढकलतो, तार तिरकी होते. तीस मीटर तार सुटली म्हणजे गोळा तीस मीटरांवर आहे असं नव्हे. वेग वाढवला की तो आणखी वर येतो.

खोली गाठायला आणखी साधनं आहेत. एक चकती असते, पाण्याच्या रेट्यानेच खाली आणि थोडी बाजूला जाणारी. आत धातूची तार असलेली एक दोरी असते, दर नऊ-एक मीटरला तिचा रंग बदलतो, त्यामुळे गळवाला 'पाच रंग सोडले' अशा भाषेत बोलतो. नेहमीच्या वेगाला एका रंगामागे ती साधारण दीड मीटर खाली जाते. आणि उथळ पाण्यात बोटीच्या आवाजाने मासा बुजतो म्हणून दोऱ्या बोटीपासून लांब बाजूला नेणाऱ्या तरंगत्या फळ्याही असतात.

"चमक दिसली की मासा येतोच"

दोरीवर चमच्याच्या पुढे एक मोठी चमकती पट्टी असते, तिला गळ नसतो. गिरक्या घेत ती लांबवर चमकते आणि माशाला जवळ बोलावते. पण तोंड उघडायला लावतो तो वेग. सॅमनसाठी बोट ताशी तीन ते पाच किलोमीटर चालवतात, लेक ट्राउटसाठी त्याहून हळू, अडीच-तीनच्या आसपास. खालचा प्रवाह वरच्यापेक्षा वेगळा असला तर बोटीचा वेग बरोबर असूनही खालचा चमचा मेल्यासारखा लोंबतो, म्हणून तयारीचे गळवाले गोळ्याजवळचा वेगही मोजतात.

जे पैसे न लागता करता येतं ते मात्र नवखे करत नाहीत. बोट सरळ रेषेत न नेता नागमोडी न्यायची. वळताना बाहेरच्या बाजूच्या दोऱ्या वेग घेतात, आतल्या मंदावतात आणि थोड्या बुडतात. मासा बाहेरच्या दोरीला लागला तर समजायचं, आज वेग हवाय. आतल्या दोरीला लागला तर बोट हळू करायची. हजारो रुपयांच्या सामानापेक्षा हे एक वळण जास्त शिकवतं असं माझं मत आहे.

खाण्याबद्दलही एक. मोठा लेक ट्राउट म्हणजे जास्त पौष्टिक, असं तिकडे नवीन गेलेल्या कुटुंबांना वाटतं. मासा जितका म्हातारा आणि चरबीदार, तितकी त्याच्यात पीसीबीसारखी कारखान्यांतली रसायनं साठलेली. अमेरिकेत पीसीबीच्या उत्पादनावर 1979 मध्ये बंदी आली, तरी सरोवरातून ती गेलेली नाहीत. तिथली सरकारं माशाची जात आणि आकार पाहून महिन्यात किती वेळा खावा याचा सल्ला देतात. गरोदर बायका आणि मुलांसाठी तो जास्त कडक असतो. कातडी आणि चरबी काढून टाकली की पीसीबी बरीच कमी होतात. पारा मांसातच असतो, तो तसा जात नाही.

"धरण ते धरणच"

भालकी तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळचं कारंजा धरण 7.69 टीएमसीचं. कलबुर्गीकडे बेण्णेतोरा आहे, आळंदकडे अमर्जा. सगळी तुलनेने उथळ, उन्हाळ्यात ओसरणारी, वाऱ्याने ढवळून निघणारी. मे महिन्यात वरचं पाणी 30 अंशांना भिडतं आणि आसरा घ्यावा असा खोल, गार थर खाली टिकत नाही. 10 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. ट्राउटचं खाणं 20 अंशांच्या वर मंदावतं, पंचवीसच्या पुढे जगणंच कठीण होतं. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास काश्मिरात आणि 1907 च्या सुमारास निलगिरीत ट्राउट रुजवला तो थंड डोंगरी ओढ्यांत. बीदरचं पठार साडेसहाशे-सातशे मीटर उंचीवर आहे, उटी दोन हजारांच्याही वर. मग कारंजात ट्राउटचं बीज सोडून पाहावं का? नको. परक्या माशाने काय होतं ते पाहायला मिशिगनला जायचीही गरज नाही, भिगवणच्या मासळी बाजारात उजनीच्या चिलापीचे ढीग बघावेत.

आणि आपले मासे? धरणांत मुख्यतः कटला, रोहू, मृगळाचं बीज सोडतात. कटला वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-वनस्पती, मृगळ तळाचा गाळ. चमचा पळवला म्हणून यातला कुणी मागे धावत नाही. त्यांना कणकेच्या, पेंडीच्या गोळ्या आणि जागेवर बसायची तयारी लागते. मुंबईचे गळवाले पवई तलावावर वर्षानुवर्षं तेच करत आले.

शिवाय कारंजात बोट ओढायला रिकामी जागा कुठे असते? संध्याकाळी भोई-कोळी बांधव ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावतात आणि सकाळी काढतात. वर फक्त तरंग्यांची ओळ, खाली तंगुसाची भिंत. तीन टोकांचा गळ तिच्यात अडकला की जाळं फाटतं आणि भुर्दंड ज्याची चूल त्यावर चालते त्याला बसतो. जाळं नसेल तिथे बुडालेल्या बाभळी.

"गळ टाकायला कुणाची परवानगी लागते?" हेही नेहमीचंच. धरणातल्या मासेमारीचे हक्क मत्स्य खातं सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना देतं, तेव्हा त्यांना विचारूनच उतरायचं. सुरुंग लावणं आणि पाण्यात विष कालवणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, 'आमच्या गावचं तळं' म्हणून त्यातून सुटका नाही. शंका असेल तर समुद्रापासून इतक्या लांबच्या बीदरमध्येच राज्याचं पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. मंगळूरचं 1969 चं मत्स्य महाविद्यालय त्याच्याच अखत्यारीत येतं. ऑनलाइन दुकानाआधी तिथे फोन करावा.

चमच्याची हौस फेडायचीच असेल तर आपल्याकडे शिकारी मासे दोन. मांजऱ्याच्या डोहांतला शिवडा आणि गवताळ काठाचा मरळ. दोघांनाही बोट लागत नाही. काठावर उभं राहून, एक मजबूत काठी आणि रबरी बेडूक, एवढ्यावर मरळ येतो, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पावसाळ्यात गवतालगत तांबूस पिल्लांचा पुंजका वर-खाली होताना दिसला तर तिथे मात्र बेडूक टाकायचा नाही. मरळाची जोडी खाली राखणीला असते, आपल्या जवळ येणाऱ्या कशावरही ती तुटून पडते, म्हणून ती सहज सापडते. ती उचलली की पिल्लांना राखणारं कुणी उरत नाही आणि बाकीचे मासे नि बगळे त्यांचा फडशा पाडतात.