स्वाहिलीतला 'चा' आणि आपला चा-ची-चे



"माझी वही, मग माझं पुस्तक का?" हा प्रश्न दुसरीतली मुलं विचारतातच. घरी वेगळी भाषा बोलणारं मूल तर सरळ 'माझा वही जुना आहे' असं लिहितं आणि वहीवर लाल गोल पडतो. या गोलाबद्दलच बोलायचंय, पण आधी जरा टांझानिया-केनियात जाऊन येऊ.

तिथल्या स्वाहिली भाषेत स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. नामांचे गट आहेत. 'किताबू' म्हणजे पुस्तक. शब्द अरबीतला, आपल्या 'किताब'चा भाऊबंदच. पण स्वाहिलीने त्यातला 'कि' गटाची खूण मानला आणि अनेकवचन केलं 'विताबू'! आता 'आंगू' म्हणजे माझं. त्याच्या आधी काय लागणार ते नाम ठरवतं: किताबू चांगू, विताबू व्यांगू, न्युंबा यांगू (माझं घर), म्तोतो वांगू (माझं मूल).

शिक्षकाचं पुस्तक म्हणजे 'किताबू चा म्वालिमू'. हा 'चा' आपल्यासारखा ऐकू येतो तो निव्वळ योगायोग, काम मात्र तेच. फक्त वस्तू आधी, मालक नंतर. शिक्षकाचं घर म्हटलं की 'न्युंबा या म्वालिमू'. शिक्षक तोच, 'चा'चा 'या' झाला तो घरामुळे. आपल्याकडेही शिक्षकाचा फळा, शिक्षकाची वही. बदल मालकामुळे नाही, वस्तूमुळे!

विशेषणांचंही तसंच. किताबू किझुरी, विताबू विझुरी, म्तोतो म्झुरी, म्हणजे चांगलं पुस्तक, चांगली पुस्तकं, चांगलं मूल. पण 'साफी' (स्वच्छ) कुठेही बदलत नाही, जसं आपलं 'लाल' किंवा 'सुंदर'. अपवादही आहेतच. पाणघोडा 'किबोको', तरी मोठा पाणघोडा 'किबोको किकुब्वा' नव्हे, 'किबोको म्कुब्वा', कारण तो जिवंत प्राणी आहे. सिंहही 'सिंबा म्कुब्वा'. (सिंबा म्हणजे सिंहच, हे मुलांना जरूर सांगा, खूश होतात.)

आता ते वाक्य परत वाचा. 'माझा वही जुना आहे.' मुलाने 'माझा' आणि 'जुना' दोन्ही जुळवलेत. म्हणजे जुळवणीचा नियम त्याला येतो, 'वही' स्त्रीलिंगी आहे एवढंच माहीत नाही. 'माझी वही जुना आहे' लिहिणाऱ्या मुलाची अडचण वेगळी, त्याला जुळवणीचाच सराव हवा. पहिल्याला मात्र नवा शब्द देतानाच 'ती वही, तो फळा, ते पुस्तक' असा जोडीने द्या. गोल करायचाच असेल तर फक्त 'वही'भोवती करा.