शरावचे वारे आणि कोकणची सवय

इस्रायलला येऊन इतकी वर्षे लोटली, तरी उन्हाळा म्हणजे घामाच्या धारा, हा आम्हा कोकणच्या माणसांचा हिशेब काही सुटत नाही. पेसाहनंतर एके दिवशी शरावचे वारे सुटले आणि या हिशेबाने आम्हाला चांगलेच फसविले. आमच्या इमारतीतील एक आजी, मूळच्या अलिबागच्या, सवयीप्रमाणे सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून बसल्या. अंगाला घाम नाही म्हणून त्यांनी पाणीही घेतले नाही. दुपारी त्यांना घेरी आली. शेजारीपाजारी धावले, डॉक्टर वेळेवर मिळाले, म्हणून निभावले.

शरावलाच अरबीत खमसीन म्हणतात. खमसीन म्हणजे पन्नास. पेसाह ते शावुओत हे आपले दिवसही तेवढेच, आणि या वाऱ्यांचा जोरही त्याच सुमारास. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने कमी दाबाचे क्षेत्र पूर्वेकडे सरकू लागले, की त्याच्यापुढे वाळवंटावरून कोरडा, धुळकट वारा येतो. त्यात घाम येताच वाळतो. कपडा भिजत नाही, पण शरीरातील पाणी जातच असते. पुढे पश्चिमेचा वारा आला, की काही तासांतच हवा गार होते.

देश एवढासा, पण हवा जागोजागी निराळी. जेरुसलेम सुमारे ८०० मीटर उंचीवर, तर मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीखाली ४३० मीटरच्या आसपास. कोरडी हवा खाली उतरताना दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने तापते. म्हणून शरावात डोंगर उतरून आलेल्या वाऱ्याने अशदोदचा किनारा कधीकधी जेरुसलेमहूनही अधिक तापतो. तेव्हा किनाऱ्यावरच्या मंडळींनी समुद्राच्या भरवशावर राहू नये, आणि दिमोनाच्या मंडळींनी तेल अवीवचा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

हा वारा किती घातकी, ते ३० एप्रिल २०२५ रोजी दिसले. त्या दिवशी जेरुसलेमजवळच्या डोंगरांत वणवे पेटले आणि तेल अवीव-जेरुसलेम हमरस्ता बंद करावा लागला.

शरावाचा इशारा मिळाला, की सकाळीच खिडक्या-पडदे लावून घ्यावेत आणि हवा गार झाल्यावरच उघडावेत. तहान लागो न लागो, थोडे थोडे पाणी पीत राहावे. आणि जिन्यात कोणी वृद्ध एकटे राहत असतील, तर दुपारी त्यांचे दार जरूर ठोठवावे. आम्ही आता तसे करतो.